बागेच्या धुऱ्यावर कोणती फुलझाडे लावावी?

(मानोरा येथे शेतकरी व कारागीर बंधुभगिनींपुढे एका शाळामास्तराने दिलेले व्याख्यान)



आज मी आपणांपुढे बागेविषयी बोलणार आहे. पण झाडाच्या आळ्याविषयी नव्हे, तर धुऱ्याविषयी. खत किती घालावे, ताण किती दिवस द्यावा, पाणी केव्हा सोडावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि आपल्यातले जुने बागवान ते मजपेक्षा शंभरपट अधिक जाणतात. मी पडलो शाळामास्तर. पुस्तकात जे आहे व वावरात जे दिसते, त्यांचा मेळ घालून चार गोष्टी सोप्या भाषेत सांगाव्या, एवढेच माझे काम.

धुरा म्हटला की आपणांस भांडण आठवते. वीतभर धुऱ्यासाठी भाऊ भावाशी बोलत नाही, तहसिलीच्या पायऱ्या झिजतात, आणि वकिलाची फी देता देता दावणीचा बैल विकला जातो. पण ज्या धुऱ्यासाठी एवढा खटाटोप, त्या धुऱ्यावर उगवते काय, मरते काय, आणि त्याचा आपल्या बागेशी संबंध काय, याचा विचार कितीजण करतात? उन्हाळ्यात काडी लावून धुरा पेटवावा, पावसाळ्यात तणनाशक मारून तो लाल करावा, आणि मग ‘वावर कसे साफ दिसते’ म्हणून समाधान मानावे, ही आजची रीत. या सफाईत आपण आपलाच एक बिनपगारी मजूर मारीत आहो, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

हा मजूर म्हणजे फुलांवर येणारी माशी, भुंगा, फुलपाखरू व लहानसहान किडे. ते आपल्यासाठी करतात काय, ते आधी पाहू. काकडीचा, दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल घ्या. त्याला दोन जातींची फुले येतात. एका फुलाच्या देठाशी इवलीशी काकडी असते, ते मादीफूल. दुसरे नुसते काडीवर उभे असते, ते नरफूल. पुष्कळजण त्याला वांझ फूल समजतात, पण ते वांझ नव्हे. त्यातल्या पिवळ्या भुकटीवाचून काकडी धरतच नाही. ही भुकटी, म्हणजे पराग, चिकट असते. वाऱ्याने ती उडून जात नाही. माशी मधासाठी या फुलावरून त्या फुलावर जाते, अंगाला लागलेला पराग तिकडे पोचवते, आणि काकडी भरते. पराग अपुरा पोचला तर काकडी वाकडी होते किंवा बाळपणीच पिवळी पडून गळते. कांद्याच्या बियांचेही असेच. त्या फुलातला पराग आधी झडतो व बीज धरणारा भाग मागाहून तयार होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्यास नेणारा कोणीतरी लागतोच. ज्यांनी कांद्याचे बी पिकविले आहे, त्यांना माशी नसल्याचे नुकसान पाठ आहे.

आता संत्रा. खरे ते सांगितले पाहिजे. संत्र्याच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात, आणि माशीवाचून संत्रा अगदी वांझ राहतो, असे नाही. परंतु माशी आल्याने फळ धरण्यास मदत होते. लिंबाचेही तसेच आहे. आंब्याच्या मोहोरावर मधमाशीपेक्षा साध्या माशाच अधिक राबतात. सीताफळाचे फूल आधी मादी असते व मागाहून नर होते. त्यात शिरून पराग नेणारे किडे तिळाएवढे असतात. तुरीच्या फुलावर काळा भुंगा व पाने कातरणारी माशी बसते. गहू, ज्वारी, भात यांना या मजुरांची गरज नाही. पण जगातल्या मुख्य अन्नपिकांच्या जाती मोजल्या, तर सुमारे तीन-चतुर्थांश पिकांना कमी-अधिक प्रमाणात या जीवांचा उपयोग होतो, असा विद्वानांचा हिशेब आहे.

बहार गळाला म्हणजे आपण काय करतो? कोणी म्हणतो दृष्ट लागली, आणि बागेच्या तोंडाशी काळी बाहुली बांधतो. बाहुलीला ना पंख, ना पाय. ती पराग कसा नेणार? फळगळीची कारणे पुष्कळ आहेत: पाणी, ऊन, अन्नाची कमतरता, कीड, बुरशी. त्यांचा शोध ज्याने-त्याने जाणत्यास विचारून घ्यावा. पण फुलावर माशी येते की नाही, हे पाहावयास कोणी जाणता नको. बहाराच्या दिवसांत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एका झाडाखाली घटकाभर उभे राहावे. गुणगुण ऐकू आली तर मजूर कामावर आहेत. कानी काहीच आले नाही तर त्यांची हजेरी नाही, असे समजावे.

हजेरी का नाही? सालदार आपण पंधरा दिवसांचे जेवण देऊन वर्षभर ठेवू शकू काय? संत्र्याचा बहार पंधरा-वीस दिवसांचा. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत. बाकीचे महिने माशीने खावे काय? मैल-मैल सोयाबीन आणि पऱ्हाटी, मध्ये एक झुडूप नाही, धुरा जळालेला, नाल्याचा काठ खरडलेला. मग सातेरीचे मोहोळ उपाशी मरते, किंवा उठून दूर निघून जाते. आणि बहाराच्या दिवशी आपण आभाळाकडे पाहतो. तात्पर्य, बागेला माशी पाहिजे असेल तर बागेबाहेर तिच्या बारा महिन्यांच्या शिध्याची सोय केली पाहिजे. ती सोय म्हणजेच धुऱ्यावरची फुलझाडे.

आता ती निवडावी कशी? मी पाच कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी फुलण्याच्या काळाची. एकाच महिन्यात फुलणारी दहा झाडे लावण्यापेक्षा निरनिराळ्या महिन्यांत फुलणारी पाच बरी. आपल्या भागातला साधारण क्रम असा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत करडई, मोहरी, धणे, आंबा व शेवगा. मार्च-एप्रिलात जांभूळ व कडुनिंब, त्यांच्यामागून करंज. मे-जूनमध्ये चिंच. पावसाळ्यात तीळ, सूर्यफूल, काकडी-दोडक्याचे वेल व धुऱ्यावरची एकदांडी. पाऊस सरता सरता बोर. पुढे तूर, झेंडू व तुळस. या यादीत नवे असे एकही नाव नाही. बी विकत आणावयास शहरात जाणे नको. घरच्या मडक्यात, शेजारणीच्या परसात आणि नाल्याच्या काठावर ते आहेच.

भर पावसाळा आणि कडक उन्हाळा, हे माशीचे खरे तंगीचे दिवस. झडीत तिला बाहेर पडता येत नाही, आणि उन्हाळ्यात फूल मिळाले तरी पाणी नसते. म्हणून ज्याला एकच काम जमत असेल, त्याने पावसाळ्यासाठी धुऱ्यालगत दोन तासे तिळाची पेरावी, आणि उन्हाळ्यासाठी एक कडुनिंब व एक करंज जगवावा.

दुसरी कसोटी फुलाच्या ठेवणीची. सर्वांची तोंडे सारखी नसतात. मोठा भुंगा जोर करून तुरीचे मिटलेले फूल उघडतो. चिमुकली डामर माशी तसे करू शकत नाही. तिला धण्याचे, बडीशेपेचे, ओव्याचे उघडे छत्रीसारखे फूल लागते. म्हणून मोठी व बारीक, उघडी व नळीची, अशी मिसळ असावी. झेंडू लावावयाचा तर गावठी, एकेरी पाकळ्यांचा लावावा. बाजारी गोंड्यात पाकळ्याच पाकळ्या. माशीला तिथे मध व पराग फारसा सापडत नाही. रंगाचीही एक गंमत आहे. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने सिद्ध केले की, मधमाशीला निळा, पिवळा असे रंग ओळखू येतात, पण आपल्यासारखा तांबडा दिसत नाही. फुलांचा पत्ता ती नाचून आपल्या बहिणींना सांगते, हेही त्यानेच उलगडले, आणि १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरी कसोटी फार महत्त्वाची: जे झाड माशीला चांगले तेच बागेला वाईट, असे होऊ नये. संत्र्याच्या बागेभोवती कढीपत्ता लावू नये. तो संत्र्याच्याच कुळातला. त्यावर सिट्रस सायला नावाची कीड पोसते, आणि तीच एका झाडाचा रोग दुसऱ्यास नेते. त्याच कुळातल्या शोभेच्या कुंतीलाही बागेजवळ थारा नको. तसेच गुळवेल व वासनवेल. या वेली औषधी खऱ्या, पण पिकल्या फळात सोंड खुपसून रस शोषणारा जो पतंग रात्री येतो, त्याच्या अळ्या या वेलींच्या पानांवर वाढतात. गुळवेल पाहिजे तर गावातल्या कडुनिंबावर चढवा. संत्र्याच्या धुऱ्यावर नको. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती एकदा शिरली की धुराही तिचा आणि गायरानही तिचे. गाजरगवताचे तर नावच काढू नका.

चौथी कसोटी जागेची. येथे माझे शेतकरी भाऊ मला अडवतात. म्हणतात, “मास्तर, धुऱ्यावर झाड लावलं तं पऱ्हाटी सावलीत येते ना! अन् शेजारी थोडीच आयकते?” हा आक्षेप खरा आहे. म्हणून सामाईक धुऱ्यावर उंच झाड लावूच नये. तिथे तीळ, तूर, तुळस, झेंडू, धणे अशी कंबरेच्या आतबाहेरची झाडे असावी. कडुनिंब, करंज, जांभूळ, चिंच ही मोठी मंडळी विहिरीजवळ, गोठ्यामागे, नाल्याच्या काठी, पाणंद रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात व गायरानात लावावी. सातेरी माशी किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत सहज चरून येते. म्हणून गायरानातला करंजही तुमच्याच बागेच्या कामी येतो. बारीक माशांची धाव मात्र काही शे पावलांचीच. त्यांच्यासाठी धुऱ्यावरचे झुडूप लागते.

पाचवी कसोटी घरच्या लाभाची. गरिबाच्या जमिनीवर नुसत्या शोभेचे झाड टिकत नाही, आणि टिकावे तरी का? शेवगा लावला तर शेंगा मिळतात, तीळ संक्रांतीला होतो, धणे चुलीपाशी जातात, झेंडू दसऱ्याला विकतो, बोर पोरे खातात, आणि कडुनिंबाच्या निंबोळीचा अर्क फवारणीला येतो. ज्या झाडाने घरधनिणीला चार पैसे दिले, त्या झाडावर कुऱ्हाड पडत नाही.

काहीजण विचारतात, धुऱ्यावर फुले असली तर माशा तिकडेच रमतील, संत्र्यावर कशाला येतील? शंका बरोबर आहे. पण मधमाशीची एक सवय आहे: एका फेरीत ती बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, आणि जिथे एका ठिकाणी पुष्कळ मध आहे तिकडे थवाच्या थवा वळतो. बाग फुलली की तिचे आकर्षण धुऱ्याहून मोठे असते. तरीही काळजी म्हणून, धणे-मोहरीची पेर अशी साधावी की आंबिया बहार फुटण्याच्या आधी ती फुलून जावी. बहाराच्या आधी व नंतर जेवण, बहारात काम, असा हिशेब ठेवावा.

आता जेवणाबरोबर घरही लागते. सातेरी झाडाच्या ढोलीत राहते. म्हणून पोकळ झाले म्हणून प्रत्येक जुने झाड तोडू नका. फुलोरी माशी झुडपात एकच लहान पोळे लावते. आग्या माशी उंच झाडावर उघडे मोहोळ बांधते. डामर माशी भिंतीच्या भेगेत असते. तिला नांगीच नाही. शिवाय मोहोळ न करता एकेकटी राहणारी माशी जमिनीत बीळ करते किंवा पोकळ काडीत अंडी घालते. तिच्यासाठी धुऱ्याचा थोडा भाग न नांगरलेला, न जाळलेला असावा. पोकळ बांबूच्या वीतभर कांड्यांची मोळी गोठ्याच्या वळचणीला बांधली तरी ती तिथे संसार मांडते. आणि एका उथळ परळात पाणी घालून त्यात खडे टाकावे, म्हणजे माशी बुडत नाही.

मोहोळ झाडणाऱ्या भावांना एक विनंती. टेंभा लावून आग्या मोहोळ जाळले की अंडी, अळ्या, माशा सारे खाक होते. मध एकदाच मिळतो आणि पुढच्या वर्षी झाड रिकामे. आपल्याच विदर्भात, वर्ध्याकडे, अंगात जाळीचा पोशाख घालून मोहोळाचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची व पिलांचा भाग तसाच ठेवण्याची रीत शिकविली जाते. त्याच मोहोळातून पुन्हा मध मिळतो. आपल्या तालुक्यातल्या गावागावांत व तांड्यांवर मोहोळाची पारख असलेले पुष्कळ हात आहेत. त्यांना ही रीत शिकविली, तर त्यांची रोजी वाढेल आणि माशीही वाचेल.

आता सर्वांत कठीण गोष्ट: फवारणी. धुऱ्यावर कितीही फुले लावा, आणि भर बहारात भर सकाळी विष फवारा, तर तुम्ही पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढले, असे होईल. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावरच्या फवारणीने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले, हे आपण विसरलो नाही. जे विष धडधाकट माणसाला मारते, ते तोळाभरही वजन नसलेल्या जिवाचे काय करील? म्हणून फूल उमलले असताना फवारणी टाळावी. अगदीच टळत नसेल तर माशा घरी गेल्यावर, सूर्य मावळतीला, वारा नसताना, जाणत्याच्या सल्ल्याने करावी. दोन-तीन औषधे मनाने एकत्र कालवू नयेत. आणि फवारणाऱ्या मजुराला हातमोजे व तोंडाला आवरण दिल्यावाचून पंप त्याच्या पाठीवर देऊ नये. माशीची दया आणि मजुराची दया या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत.

माशी गेली तर काय होते, ते चीनमध्ये दिसले आहे. तिथे सिचुआन प्रांतात हानयुआन या भागात नासपतीच्या बागा आहेत. फवारणी इतकी वाढली की मधमाशा पाळणारे लोक आपल्या पेट्या तिकडे नेईनात. तेव्हा १९८० नंतरच्या वर्षांत माणसेच झाडावर चढून, काठीला पिसे बांधून, फुलाफुलाला पराग लावू लागली. जे काम माशी फुकट करते, त्यासाठी माणसाला मजुरी द्यावी लागली. आपल्या बागेत फुलागणिक मजुरी देण्याइतका पैसा कोणाच्या गाठी आहे?

उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सातारा जिल्ह्यातले, महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे डोंगरातले लहानसे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथे घरोघर मधाचा धंदा चालतो, म्हणून जंगल राखण्यात गावाचा स्वार्थ आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधाचे कार्यालय महाबळेश्वरास आहे, व मंडळाची मधकेंद्र योजनाही आहे. आपल्या तरुणांनी जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन तिची चौकशी करावी. अर्ज कसा लिहावा हे न समजले तर शाळेत यावे. लिहून देण्यास मी आहे, त्याला फी नाही.

आणि ज्यांच्याकडे बाग नाही, वावरही नाही, त्या कारागीर भावांनी ‘हे बागाईतदाराचे पुराण’ म्हणून उठून जाऊ नये. मधमाशीची पेटी सुताराच्या हातून व्हावयाची आहे. पाण्याचे परळ कुंभाराचे, बांबूच्या कांड्या बुरुडाच्या. रोपे वाढविण्याचे काम बचतगटातल्या बाया करू शकतात. माशीला सातबारा समजत नाही. ती ज्याच्या दारी फूल आहे त्याच्या दारी जाते. परसातला शेवगा गरिबाचा असला तरी त्यावर पोसलेली माशी पाटलाच्या बागेत राबते. मग पाटलानेही गरिबाच्या शेवग्याला दोन बादल्या पाणी देण्यास लाजू नये.

फार बोललो. आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगून पुरे करतो. येत्या उन्हाळ्यात धुरा पेटवू नये. कडुनिंबाची व करंजाची बिया पोरांनी वेचून आणाव्या. शाळेच्या आवारात पिशव्या भरून रोपे करू. कडुनिंबाचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून ते ताजे असतानाच लावावे. मृगाचा पाऊस झाल्यावर दर घरामागे एक मोठे झाड सामाईक जागेत व दर बागेमागे दोन तासे तिळाची धुऱ्यालगत, एवढा नेम करावा. आणि ज्या दोन शेजाऱ्यांचा धुऱ्यावरून वाद आहे, त्यांनी निदान तिथे तीळ तरी सामाईक पेरावा. निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर माशी दोघांच्याही बागेत काम करील.